दोन हजारांचा भत्ता की 'कुशल' श्रेणी? रविवारी हात वर करण्याआधी

रविवारी परतवाड्याला बैठक आहे. मत दोनच गोष्टींवर आहे. ठेकेदार देतो तो महिना 2,000 रुपयांचा प्रवास भत्ता घ्यायचा, की रुग्णवाहिकेवरच्या ॲटेंडंटला 'अर्धकुशल'मधून 'कुशल' करा या मागणीवर ठाम राहायचं. मेळघाटात या गाडीवर मला आठ वर्षं झाली. मी कोणत्या बाजूचा आहे ते पुढे कळेलच, पण भत्त्याची बाजूही खरी आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करतो.

भत्ता पुढच्या पगारात पडतो. पोरांची फी आणि बियाणं एकाच महिन्यात येतात. ज्याच्या घरी कर्जाचा हप्ता थकलाय, त्याला 'थांब' म्हणायला माझीही जीभ रेटत नाही. श्रेणीचं प्रकरण लांबेल हेही खरं.

आता आकडे पाहा. हे नुसते मांडणीसाठी आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा मूळ वेतन 12,000 आहे आणि श्रेणी बदलली की ते 13,200 होतं. म्हणजे वेतनात 1,200च जास्त. पण जादा कामाचा दर दुप्पट असतो आणि तो वेतनावर निघतो. 26 दिवस, 8 तास धरले तर जादा तासाचे 115 ऐवजी 127 रुपये होतात. महिन्याला 50 तास जादा भरत असतील, आणि आपल्याकडे भरतातच, तर आणखी 577. मालकाच्या हिश्शाचा पीएफ 12 टक्क्यांनी 144 रुपयांनी वाढतो. बेरीज 1,921. प्रवास भत्ता वेतनाच्या व्याख्येतून वगळलेला आहे, म्हणून त्यावर ना पीएफ, ना ओव्हरटाइम, ना ग्रॅच्युइटी. शिवाय किमान वेतनातला विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी महागाईप्रमाणे बदलतो. ठोक 2,000 मात्र तिथेच राहतात, आणि टेंडर बदललं की नवा ठेकेदार ते देईलच याची हमी नाही.

मागच्या थकबाकीचं काय, हा खरा मुद्दा आहे. वेतन संहिता 2019 प्रमाणे कमी मिळालेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. वरच्याच हिशोबाने 1,200 गुणिले 36, म्हणजे 43,200, आणि ओव्हरटाइमचा फरक वेगळा. भत्त्याच्या कागदावर 'श्रेणीबाबत तक्रार नाही' अशी ओळ आहे. हक्काचं वेतन सोडून देणारा करार याच कायद्याने रद्दबातल ठरतो, तरीही ती सही उद्या आपल्याच तोंडावर फेकली जाईल. उशीर केला तर दर महिन्याला मागचा एक महिना हातातून जातो, हेही विसरू नका.

श्रेणी मागायची तर कशाच्या आधारावर? आपल्यातले काही शिकलेले पोरं म्हणतात, प्रमाणपत्रावर. 2021च्या संबद्ध आरोग्य व्यवसाय कायद्यात आपत्कालीन पॅरामेडिकचा व्यवसाय नमूद आहे. पण तिथे पदविका-पदवीचं किमान 2,000 तासांचं शिक्षण लागतं. तो निकष धरला तर जुनी माणसं सगळी बाहेर. मला कामाचा आधार पटतो. किमान वेतनात 'कुशल' म्हणजे अनुभवाने किंवा प्रशिक्षणाने आलेलं कौशल्य आणि स्वतःच्या अकलेने घेतलेला निर्णय. इंग्लंडमध्ये पॅरामेडिक पाचव्या वेतनपट्टीत अडकले होते. 2016च्या डिसेंबरमध्ये युनियन आणि सरकारमध्ये समझोता झाला आणि सहाव्या पट्टीचं कामाचं वर्णन ठरलं, कारण ते प्रत्यक्षात कितीतरी स्वतंत्र निर्णय घेत होते.

आपलं काम वेगळं आहे का? धारणीहून बाळंतपणाची बाई अमरावतीच्या डफरीनला, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, निघते. सेमाडोहच्या घाटात मोबाईलला रेंज नाही, कळा वाढल्या. गाडी थांबवायची की रेटायची, ऑक्सिजन किती लिटरवर ठेवायचा, हे तिथे कोण ठरवतं? नागपुरात मेडिकल कॉलेजचा दवाखाना जवळ असतो. इथे अंतर लांब आणि किमान वेतनाचं परिमंडळ, म्हणजे दर ठरवायचा विभाग, मात्र सगळ्यात खालचं. हा अन्याय मला रोज बोचतो.

दोन ठिकाणी सांभाळा. आपलं पगारपत्रक चालू अधिसूचनेच्या 'कुशल' दराशी ताडून पाहा. पगार आधीच त्याहून जास्त असेल, तर किमान वेतनाचा दावा टिकत नाही, आणि मग भत्ता घेतलेलाच बरा. दुसरं, 'समान काम, समान वेतन' म्हणत सर्वोच्च न्यायालयाच्या 2016च्या जगजीत सिंग निकालावर कोणी भाषण ठोकलं, तर तो सरकारी तात्पुरत्या कर्मचाऱ्यांचा होता हे लक्षात ठेवा. ठेकेदाराच्या माणसाला तो जसाच्या तसा लागत नाही, आणि काम समान आहे हे दाखवायची जबाबदारीही आपलीच.

संपाची घाई मात्र नको. नव्या औद्योगिक संबंध संहितेत 14 दिवसांची आगाऊ नोटीस लागते, आणि समेटाची कार्यवाही चालू असताना संप बेकायदा ठरतो. वर मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवेतले संप रोखणारा राज्याचा कायदा, आहेच.

मी सही करणार नाही. मागच्या तीन वर्षांची लॉगबुकची पानं आणि ट्रिप शीट काढून ठेवल्यात, रुग्णांची नावं झाकून. रविवारी घेऊन येतो. तुमच्याकडे असतील तर तुम्हीही आणा भाऊ, एकट्याच्या वहीपेक्षा दहा जणांच्या वह्या साहेबाला जड जातात.