साध्या गाडीचे परीक्षण: एसटी माणसांना किती जवळ आणते?

एसटीविषयी मत देताना बहुतेक लोक गाडीची अवस्था, वक्तशीरपणा आणि स्थानकावरचे स्वच्छतागृह या तीन गोष्टींवर गुण देतात, आणि त्या हिशेबात महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या पदरी फारसे काही पडत नाही. परंतु ही सेवा सार्वजनिक आहे, त्यामुळे तिला आणखी एक प्रश्न विचारणे रास्त ठरते: एरवी एकमेकांच्या वाऱ्यालाही उभी न राहणारी माणसे ती एकत्र आणते का, आणि आणत असेल तर बरोबरीच्या नात्याने आणते का? शिवनेरी आणि शिवशाही या गाड्यांचा प्रवासी वेगळा, त्यांचे भाडे वेगळे. त्यांचा विचार येथे केलेला नाही. हे परीक्षण तालुक्याला जाणाऱ्या लाल रंगाच्या साध्या गाडीचे आहे.

हा प्रश्न महत्त्वाचा का, हे एसटीच्या आधीचा प्रवास आठवला की कळते. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांसह मसूर स्टेशनावर उतरले आणि वडिलांच्या नोकरीच्या गावी जाण्यासाठी बैलगाडी शोधू लागले, तेव्हा मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला, तोही गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, या अटीवर. पैसे देण्याची तयारी होती, रस्ता होता, वाहनही होते; मात्र कोणाला बसवून घ्यायचे हे गाडीवानाच्या मर्जीवर होते. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढे गावोगावी ही सेवा पोहोचत गेली, तेव्हा ती मर्जी व्यवहारातून बाद झाली. वाहकाने पैसे घ्यायचे, तिकीट फाडायचे आणि जागा असेल तेथे बसू द्यायचे, एवढेच त्याचे काम. एका तिकिटाने जातीची उतरंड मोडली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण गावात उतरल्यावर ज्याचा तो आपापल्या वस्तीकडेच वळत असे आणि अनेक गावांत अजूनही वळतो. तरीही तालुक्यापर्यंतचा तास-दीड तास मांडीला मांडी लावून बसण्याची सवय लावणारी दुसरी व्यवस्था त्या काळी खेड्यात क्वचितच होती.

आजची साधी गाडी या कसोटीवर कितपत उतरते? सकाळी तालुक्याकडे जाणाऱ्या कोणत्याही फेरीत चढून पाहावे. मागच्या बाकांवर कॉलेजची मुले, मधे दवाखान्याच्या फायली मांडीवर घेतलेली म्हातारी माणसे, पुढे बाजाराच्या पिशव्या आणि कोथिंबिरीच्या जुड्या सांभाळणाऱ्या बायका, आणि तिकिटाचे यंत्र पोटाशी धरून या सर्वांमधून वाट काढणारा वाहक. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला टेकण्यापुरती जागा करून देताना त्याचे आडनाव कोणी विचारत नाही. पण हे चित्र रंगवताना एक गोष्ट लपवता कामा नये. ज्यांना परवडते ते या गाडीतून केव्हाच उतरले आहेत. बागायतदार चारचाकीने जातो, शिक्षक आणि ग्रामसेवक दुचाकीने जातात, आणि उरतात ते विद्यार्थी, स्त्रिया, वृद्ध आणि हातावर पोट असलेले लोक. म्हणजे साध्या गाडीत आज जातींची आणि धर्मांची सरमिसळ बरीच होते, पण आर्थिक वर्गांची फारशी होत नाही. माझ्या मते ही या सेवेची सर्वांत मोठी उणीव आहे आणि ती केवळ नव्या गाड्या घेऊन भरून निघणारी नाही, कारण फेऱ्यांची खात्री नसेल तर ज्याच्याकडे दुचाकी आहे तो ती घरी ठेवून थांब्यावर ताटकळत उभा राहणार नाही.

सवलतींच्या बाबतीत मात्र एसटीला मोकळ्या मनाने दाद द्यावी लागते. १७ मार्च २०२३ पासून महिला सन्मान योजनेखाली सर्व स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. त्याआधी, २०२२ च्या ऑगस्टपासून, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास विनामूल्य झाला होता. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे भाडे पडते. विद्यार्थ्यांच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सूट आहे आणि गावाबाहेर शाळेला जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंतचा पास अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत मिळतो. या योजनांवर 'फुकटेपणा'ची टीका करणारे बहुधा एसटीने जात नसावेत. अर्ध्या तिकिटाचा खरा परिणाम गर्दीच्या आकड्यात शोधण्यापेक्षा तिकीट कोण काढते याकडे पाहावे. पूर्वी घरातला पुरुष सगळ्यांची तिकिटे एकदम काढत असे आणि बाईला किती भाडे पडले हे ठाऊकही नसे. आता कमरेचा बटवा सोडून स्वतःचे तिकीट स्वतः मागणाऱ्या, माहेरी, बाजाराला किंवा बचतगटाच्या बैठकीला एकट्याने निघालेल्या बायका कोणत्याही फेरीत दिसतात. वाहकांमध्ये स्त्रिया होत्याच; २०२३ पासून स्टिअरिंगवरही काही दिसू लागल्या.

नियमपुस्तकात न सापडणारी एक सेवाही येथे नोंदवली पाहिजे. तालुक्याला खोली करून शिकणाऱ्या मुलासाठी आई पहाटे भाकरी-भाजीचा डबा बांधते आणि थांब्यावर चालकाच्या हाती देते. डब्यावर कधी नाव असते, कधी नुसता कापडाचा रंग ही ओळख असते. मुलगा स्थानकावर येऊन डबा उचलतो आणि रिकामा डबा परतीच्या गाडीने गावी जातो. पावती नाही, शुल्क नाही. दुष्काळी भागांतील कितीतरी मुलांचे शिक्षण या डब्यांवर झाले आहे, आणि ते डबे पोहोचवणाऱ्या चालकाची जात किंवा धर्म कोणता, याची चौकशी त्या आयांनी कधी केली असेल असे वाटत नाही.

आता दोषांकडे येऊ. कोविडपूर्वी अठरा हजारांच्या आसपास असलेला गाड्यांचा ताफा पुढे पंधरा हजारांच्या घरात उतरला. ताफा आटला की कात्री प्रथम लागते ती आडवळणाच्या फेऱ्यांना आणि मुक्कामी गाडीला, कारण त्यांचे उत्पन्न कमी. मुक्कामी गाडी म्हणजे रात्री शेवटच्या गावात थांबून पहाटे पहिली फेरी करणारी गाडी. ती बंद झाली की सकाळचे कॉलेज गाठणे अशक्य होते, आणि मग घरात निर्णय होतो तो मुलीचे शिक्षण थांबवण्याचा. मुलगा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून जाऊ शकतो. मोफत पास हातात आणि गाडी नाही, अशा अवस्थेत सवलतीला अर्थ उरत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर पेटलेला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चाललेला कर्मचाऱ्यांचा संप ज्यांनी खेड्यात राहून अनुभवला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या काळात वडाप जीपवाल्यांनी लोकांची सोय केली हे मान्य केले पाहिजे. पण जीप भरल्याशिवाय निघत नाही, तिच्यात सवलत नाही, आणि कोणाला कोठे बसवायचे ते पुन्हा मालकच ठरवतो.

दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे, परंतु साध्या गाडीच्या पायऱ्या इतक्या उंच असतात की चाकाच्या खुर्चीवरील माणसाला दोघांनी उचलून घेतल्याशिवाय आत जाता येत नाही. भाडे माफ करणे कागदावर सोपे असते. पायरी खाली आणण्यासाठी गाडीची बांधणी बदलावी लागते, आणि ते काम अजून साध्या गाडीपर्यंत पोहोचलेले नाही.

सवलतींचा आर्थिक भार राज्य सरकारने उचलायचा असतो आणि प्रतिपूर्तीची रक्कम थकली की पगारापासून सुट्या भागांपर्यंत सगळेच अडते. २५ जानेवारी २०२५ पासून झालेली १४.९५ टक्क्यांची भाडेवाढ याच ओढाताणीतून आली. भाडेवाढीला माझा तत्त्वतः विरोध नाही. मात्र वाढीव पैशातून आधी काय सुधारणार, हे प्रत्येक आगाराने आपल्या फलाटावर लिहून लावायला हवे होते.

सीमाभागाचा उल्लेख टाळता येत नाही. बेळगावचा वाद तापला की दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबतात, काळे फासले जाते आणि भाषेचा राग चालक-वाहकांवर निघतो. २०२२ च्या अखेरीस आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत हेच घडले. कोल्हापूर-बेळगाव मार्गावर रोज ये-जा करणाऱ्यांत दोन्ही भाषा बोलणारी माणसे असतात आणि त्यांचा खोळंबा दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना दिसत नाही.

एकूण गुण द्यायचे तर माणसे एकत्र आणण्यात साध्या गाडीला मी दहापैकी सात देईन आणि त्यांना वेळेवर पोहोचवण्यात चार. या चाराचे सहा होण्यासाठी पहिली सुधारणा खर्चाची नाही: आगाराचे वेळापत्रक ठरवताना उत्पन्नाच्या तक्त्याशेजारी त्या मार्गावरील मोफत पासधारक मुलींची संख्या ठेवावी, आणि ती संख्या शून्य नसेल तोवर पहाटेची फेरी रद्द करण्याचा अधिकार आगारप्रमुखाला नसावा.