वावरातला कॅमेरा मोबाईलवर पाहायचा: पोर्ट उघडू, क्यूआर स्कॅन करू की व्हीपीएन?

वरूड-मोर्शीकडे केबलचोरीच्या भीतीनं बगीच्यात कॅमेरा बसवणारे आता लय झाले, आणि लावून देणारा पोरगा जाताना एकच विचारते, "भाऊ, पोर्ट फॉरवर्ड करून देऊ का पीटूपी?" आपण म्हणतो जे चांगलं असन ते कर. तसं म्हणू नका. पोर्ट फॉरवर्ड म्हणजे राऊटरमधे बाहेरून थेट कॅमेऱ्यापर्यंत यायचं दार उघडणं, आणि पीटूपी म्हणजे कॅमेऱ्यावरचा क्यूआर स्कॅन करून कंपनीच्या अॅपमधून पाहणं.

आधी पाहा, नेट सिमच्या राऊटरवर आहे का. असन तर फॉरवर्डिंगचा विषय बहुतेक तिथंच संपला, कारण सिमवर शेकडो गिऱ्हाइकांत मिळून एकच पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरच्या नेटवरचा पत्ता, असते. राऊटरच्या पानावर वॅन आयपी (राऊटरला नेट कंपनीकडून मिळालेला पत्ता) 10 नं सुरू होते किंवा 100.64 ते 100.127 मधला आहे, आणि 'माझा आयपी' सर्च केल्यावर वेगळाच निघते, तर आत कितीही पोर्ट उघडा, बाहेरचं कनेक्शन तिथवर येतच नाही. माझ्या दोन संध्याकाळी याच्यातच गेल्या.

तालुक्याला फायबर आणि पब्लिक आयपी असन तर फॉरवर्डिंग मस्त चालते, मधे कोणाचा सर्व्हर नाही. साळ्याच्या कृषी केंद्रात मीच 80 (कॅमेऱ्याचं वेब पान) आणि 554 (व्हिडिओ) हे पोर्ट उघडून दिले होते. आठ दिवसांनी लॉग, म्हणजे लॉगिनची नोंद, पाहिला तर रात्री 2 ते 4, अॅडमिन फेल, रूट फेल, अॅडमिन फेल, पानंच्या पानं. साळा म्हणे, भाऊजी, हा अॅडमिन कोण? कोणी माणूस नाही रे, मशीनी फिरत असतात. 2016 मधे मिराई नावाच्या घातक प्रोग्रामनं कंपनीचेच साठेक तयार पासवर्ड टाकून टाकून लाखो कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) ताब्यात घेतले होते. आणि पासवर्ड तगडा ठेवला म्हणून सुटले असंही नाही, 2021 मधे हिकव्हिजन कंपनीच्या कॅमेऱ्यांच्या बऱ्याच मॉडेलांत पासवर्ड न टाकताच आत कमांड चालवता येईल अशी खोट सापडली, दुरुस्त फर्मवेअर (कॅमेऱ्यातलं सॉफ्टवेअर) आलं, पण गावात फर्मवेअर अपडेट करते कोण? पोर्ट 80 चा 8181 केल्यानं या मशीनींची गर्दी कमी होते, बस.

पीटूपीत पोर्ट उघडावाच लागत नाही, कॅमेराच बाहेर कंपनीच्या सर्व्हरला जाऊन भेटते, म्हणून सिमवर चालते. बदल्यात कंपनीवर भरोसा ठेवा. खरी गोम मात्र वेगळी आहे, पोरगा घाईघाईत कॅमेरा स्वतःच्याच अकाउंटला जोडते आणि तुम्हाला नुसता शेअर देते, म्हणजे मालक तो! समोर बसवून आपल्या अकाउंटला घ्या, कॅमेऱ्यावरच्या क्यूआर स्टिकरचा फोटो ग्रुपवर टाकू नका. डेटाचं सांगतो, 2 एमबीपीएसचा मेन स्ट्रीम (पूर्ण दर्जाचा व्हिडिओ) तासाला 900 एमबी खाते, सब स्ट्रीम (हलका व्हिडिओ) 512 केबीपीएसवर ठेवला तर 230 च्या आसपास.

व्हीपीएन, म्हणजे मोबाईल आणि तिथलं नेट यांच्यातला कुलूपबंद खासगी रस्ता, माझ्या मते सगळ्यात पक्कं, टेलस्केल नावाचं व्हीपीएन तर सिमच्या नेटमागूनही चालते. पण तिथं एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) नाही तर जुना लॅपटॉप चोवीस तास चालू पाहिजे, आणि लोडशेडिंगमधे ते सांभाळायचं कोणी? दुकानात जमते, बगीच्यात कटकट आहे. म्हणून वावरात पीटूपी, साळ्याकडे रास्पबेरी पायवर व्हीपीएन, असं मी केलं.

काहीही घ्या, यूपीएनपी (कॅमेऱ्याला राऊटरचे पोर्ट स्वतःच उघडू देणारी सोय) बंद करा, कॅमेऱ्यातलं आणि राऊटरमधलं, दोन्ही. साळ्याकडे मी फॉरवर्डिंग काढलं आणि निवांत बसलो, तर कॅमेऱ्यानं यूपीएनपीनं स्वतःच पोर्ट परत उघडून ठेवले होते. आरटीएसपीचं (कॅमेरा व्हिडिओ पाठवते त्या पद्धतीचं) ऑथेंटिकेशन डायजेस्ट ठेवा, म्हणजे पासवर्ड उघडा जात नाही, गड्याला फक्त पाहायचा वेगळा युजर द्या, अॅडमिन आपल्याकडे. आणि एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणं) चालू करा, नाहीतर लाइन जाऊन आली की काही कॅमेरे थेट 1970 मधे जातात, मंग पोलीस ठाण्यात फुटेज दाखवताना चोर आपल्या जन्माच्या आधीच केबल नेताना दिसते.