ऑनलाइन मिळणारं कलमी अडेनियम: फुलाआधी सांधा बघा

दुहेरी-तिहेरी पाकळ्यांचं कलमी अडेनियम (वाळवंटी गुलाब) आता मातीविना, कागदात गुंडाळून घरपोच येतं. साध्या बियांच्या रोपापेक्षा ते बरंच महाग पडतं, पण ती किंमत वाजवी आहे. बियांपासून आईसारखं फूल येईल याची खात्री नसते. ती फक्त कलम देतं. म्हणूनच ‘तिहेरी काळ्या अडेनियमच्या बिया’ स्वस्तात मिळाल्या तरी घेऊ नयेत. ‘काळं’ म्हणजेही प्रत्यक्षात गडद मरून, हे मागवण्याआधीच लक्षात असू द्या.

जाहिरातीतल्या फुलांवरून रोपाची पारख होत नाही. जे रोप पाठवणार, त्याच्या सांध्याचा (जिथे कलम जोडलंय त्या जागेचा) आणि बुंध्याचा फोटो मागवा. कलमकाडी (वर जोडलेली फांदी) आणि खुंटाची, म्हणजे खालच्या मूळ रोपाची, फांदी साधारण सारख्या जाडीची हवी आणि सांधा चारही बाजूंनी भरलेला हवा. एका बाजूला फट असेल तर पुढे फांदीचं वजन वाढलं की वाऱ्याने तिथेच मोडते. सांध्यावर गुंडाळलेली पट्टी सालीत रुतत असेल तर ब्लेडने अलगद कापून काढा.

पाचसहा दिवसांच्या प्रवासाने रोपाचं काही बिघडत नाही, कारण बुंध्यात पाणी साठलेलं असतं. खोकं उघडल्यावर बुंधा दाबून पाहा. सगळीकडून सारखा सुरकुतलेला पण घट्ट असेल तर तो नुसता तहानलेला आहे. एकाच जागी मऊ, तपकिरी लागला तर ती सड. लगेच फोटो काढून विक्रेत्याला कळवा. रोप वाचवायचं असेल तर स्वच्छ पांढरा गर दिसेपर्यंत तो भाग कापून त्यावर बुरशीनाशक लावा. चीक विषारी असतो, हातमोजे घाला.

तुटकी मुळं छाटून रोप कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेबच्या मिश्र बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला २ ग्रॅम) पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि मग दोन-तीन दिवस सावलीत सुकवा. हा टप्पा गाळला तर रोप जाऊ शकतं: ओल्या जखमा मातीत गेल्या की बुरशी शिरते. कुंडी आठ इंची, पसरट. दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत. पहिलं पाणी चार-पाच दिवसांनी. दहा दिवस उजेडाच्या सावलीत ठेवा, मग किमान सहा तास ऊन.

‘गेल्या वर्षी तिहेरी फूल होतं, आता साधं गुलाबी येतंय’ ही तक्रार अभिप्रायांत वारंवार दिसते आणि दोष विक्रेत्यावर जातो. बहुतेक वेळा चूक निगराणीतली असते. सांध्याखालून खुंटाचे फुटवे येतात, साधी फुलं त्यांचीच; ते जोमदार असतात आणि कलमाची ताकद ओढून घेतात. ते बोटभर व्हायच्या आतच खुडायचे. पिवळी जात कडक उन्हात फिकट होते, तो मात्र तिचा स्वभावच.

या मालाची खरी उणीव पावसाळ्यात दिसते. तिहेरी कळीत पाणी अडकतं, ती न उमलताच कुजून गळते. मुंबई-कोकणात छताखाली उजेडाची जागा नसेल तर दुहेरी किंवा एकेरी जात घ्यावी. सोलापूर-नगरच्या कोरड्या हवेत तिहेरी सुरेख उमलते. कणहेरीचंच कुळ असल्यामुळे कणहेरीवरची जाड हिरवी अळी इथेही येते आणि पाहता पाहता पानं फस्त करते. दिसली की वेचून काढा. पिठ्या ढेकणासाठी लिटरला ५ मिली निंबोळी तेल, थोड्या साबणाच्या पाण्यात मिसळून, संध्याकाळी फवारा.

मागवायचं तर फेब्रुवारीअखेर ते मे या काळात. जुलै-ऑगस्टमध्ये सवलत मिळाली तरी थांबा; ओल्या हवेत ताज्या मुळांच्या जखमा सुकत नाहीत.