एडिंबरो, रॉयल माइलवरचं "आडनावाचं कोट ऑफ आर्म्स" विकणारं दुकान: पिन घ्या, फ्रेमच्या नादी लागू नका

स्कॉटलंडमध्ये राहतो म्हटल्यावर उन्हाळ्यात घरी पाहुणे असतातच आणि पाहुणे आले की एडिंबरोचा किल्ला आणि मग रॉयल माइलने खाली उतरत शॉपिंग, हे ठरलेलं. यावेळी ताई आणि दाजी आले होते. त्या रस्त्यावर शाली, कॅशमिअर लोकरीचे मफलर आणि आडनावाचे मग-कीचेन विकणारी दुकानं ढिगाने आहेत, त्यातल्याच एकाचा, जिथे आडनावावरून कोट ऑफ आर्म्स म्हणजे ढालीवरचं मानचिन्ह छापून देतात, हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम लिहीत नाही कारण माल सगळीकडे थोड्याफार फरकाने हाच.

आधी चांगलं सांगतो. क्लॅनचे म्हणजे स्कॉटिश कुळांचे बॅज मस्त आहेत. मी मॅनेजरसाठी कॅम्पबेलचा घेतला, त्याचं आडनावच कॅम्पबेल आहे. पेवटर या कथलाच्या मिश्रधातूचा, हातात वजन लागतं, रानडुकराचं मुंडकं नीट कोरलेलं, केसाची रेघन् रेघ दिसते आणि भोवती बक्कल लावलेला पट्टा, त्यावर "ने ऑब्लिविस्कारिस" म्हणजे विसरू नका. १८ पौंड, वर्थ आहे. आता यातली गंमत अशी की ते डुक्कर कॅम्पबेल आडनावाच्या सगळ्यांचं नाही, ते क्लॅनच्या चीफचं म्हणजे ड्यूक ऑफ आर्गाइलचं आहे. बाकीच्यांनी ते पट्टा-बक्कलच्या आत घालून मिरवायचं, म्हणजे "मी याच्या माणसांपैकी" असा अर्थ. चीफ स्वतः वापरतो तेव्हा पट्टा नसतो, साधी गोल कडी असते आणि मागे गरुडाची तीन पिसं. म्हणजे कॅम्पबेल माणसाने हा बॅज लावणं एकदम रीतसर आहे, आणि दुकानातली ही एकच वस्तू रीतसर म्हणता येईल अशी.

आता ते स्क्रोल, म्हणजे चिन्ह छापलेला कागद. कोपऱ्यात एक कॉम्प्युटर ठेवलाय, आडनाव टाकायचं की ढाल, शिरस्त्राण, वर एखादा प्राणी आणि शेजारी "तुमच्या घराण्याचा इतिहास" असं सगळं प्रिंट होऊन येतं. स्मिथ टाकलं तरी येतं, ब्राउन टाकलं तरी येतं. अरे पण स्मिथ नावाच्या कितीतरी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळी चिन्हं मिळालीत, त्यातलं हे एक कुठलं तरी उचललेलं, आणि बहुतेक स्मिथांना तर कुठलंच नाही. लंडनचं कॉलेज ऑफ आर्म्स, जे १४८४ पासून हाच कारभार बघतं, ते स्वतः सांगतं की आडनावाचं कोट ऑफ आर्म्स अशी गोष्टच नसते, ते माणसाला मिळतं आणि त्याच्या वंशजांकडे जातं. स्कॉटलंडमध्ये तर अजून कडक. इथे लॉर्ड लायन या चिन्हं देणाऱ्या अधिकाऱ्याचं चक्क कोर्ट आहे, १६७२ चा कायदा आहे, त्यांच्या रजिस्टरमध्ये नोंद नसलेलं चिन्ह मिरवलं तर कारवाई होऊ शकते. ट्रम्पसाहेबांच्या ॲबरडीनजवळच्या गोल्फ कोर्सलाही आधीचं बिननोंदणीचं चिन्ह सोडून २०१२ मध्ये रीतसर नवं घ्यावं लागलं, मग बाकीच्यांची काय कथा.

पण हे सगळं ऐकायला दाजी थांबले तर ना. त्यांनी थेट "देशमुख" टाइप करायला लावलं. नो रिझल्ट. काउंटरवरचा मुलगा लगेच म्हणाला नो प्रॉब्लेम, कस्टम बनवून देतो, अर्धा तास द्या. मी म्हटलं दाजी अहो राहू द्या, ते म्हणाले अरे हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावतो, बघणाऱ्याला काय कळतंय. फ्रेमसकट ४५ पौंड.

आलं काय तर पांढरी ढाल, त्यावर पिवळा सूर्य, दोन्ही बाजूंना हत्ती. हेराल्ड्रीचा म्हणजे या चिन्हांच्या शास्त्राचा सगळ्यात पहिला नियम म्हणजे पिवळा आणि पांढरा हे सोनं-चांदी धरायचे आणि धातूवर धातू ठेवायचा नाही, लांबून दिसलं पाहिजे म्हणून. इथे तोच मोडलाय, आणि खरंच पाच फुटांवरून सूर्य दिसत नाही, नुसती पांढरी ढाल दिसते. शेजारचा इतिहास वाचला तर "शूर, निष्ठावान आणि जमिनीशी नातं सांगणारं घराणं". तेच वाक्य, शब्दाला शब्द, भिंतीवर लावलेल्या टेलर आडनावाच्या सॅम्पलमध्ये. ताई तर तिथेच हसत सुटली.

आणि देशमुख म्हणजे परगण्याचं वतन हो, कितीतरी जातींत, कितीतरी गावांत देशमुख आहेत ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, सगळ्यांची मिळून एक ढाल कशी असेल? आपल्याकडे लग्नात देवक बसवतात तेसुद्धा कुळाचं, नुसत्या आडनावावरून कोणी ठरवत नाही.

आपल्या माणसांना खरं कोट ऑफ आर्म्स कधी मिळालंच नाही असंही नाही. जेजे हॉस्पिटलवाले सर जमशेटजी जीजीभाई, १८५७ मध्ये बॅरोनेट (वंशपरंपरेने चालणारा ब्रिटिश किताब) झाले, त्यांच्या ढालीवर सह्याद्रीचे घाट, उगवता सूर्य आणि दोन मधमाश्या आहेत. आणि तिथे सूर्य निळ्यावर आहे, नीट दिसतो! इथे स्कॉटलंडमध्येच स्थायिक असलेले कोणी देशमुख असतील तर लॉर्ड लायनकडे अर्ज करता येतो, फी हजारांत जाते, पण मिळालेलं चिन्ह त्यांचं एकट्याचं, धाकट्या भावालाही तसंच्या तसं वापरता येत नाही, थोडा फरक करून वेगळी नोंद करावी लागते.

खरी क्रेस्ट, म्हणजे शिरस्त्राणाच्या माथ्यावरची चिन्हं, बघायची असतील तर दुकानातून निघा आणि त्याच रस्त्यावर सेंट जाइल्स कॅथीड्रलमध्ये थिसल चॅपल आहे तिकडे जा. १९११ चं बांधकाम. ऑर्डर ऑफ द थिसल हा स्कॉटलंडचा मानाचा किताब मिळालेल्या प्रत्येक नाइटची लाकडी खुर्ची, तिच्या शिखरावर त्याचं क्रेस्ट, मागे मीनाकाम केलेली त्याच्या चिन्हाची पाटी. बॅगपाइप वाजवणारा देवदूतही शोधा, मुलांना आवडतो. आम्ही तिथे दुकानापेक्षा जास्त वेळ होतो आणि दाजींनी सगळ्यात जास्त फोटो तिथेच काढले.

रेटिंग: बॅजला पाचपैकी चार, एक कापला कारण मागची पिन जरा लेचीपेची आहे. स्क्रोलला एक, तोही फ्रेमच्या लाकडासाठी. स्टाफ गोड बोलतो, घाई करत नाही. कस्टम वस्तू परत घेत नाहीत, ते बिलाच्या मागे बारीक अक्षरात आहे, पैसे देण्याआधी वाचा. आणि फ्रेम काचेची आहे, भारतात न्यायची तर बबल रॅप मागून घ्या, स्वतःहून देत नाहीत.