यमाचा रेडा आणि माझे ३८,००० रुपये

पुण्यात हौसेनं शॉर्टफिल्म करणाऱ्यांनी वाचा, विशेषतः ज्यांच्या गोष्टीत जनावर आहे त्यांनी.

आमची गोष्ट विनोदी. यमराज लक्ष्मी रोडवर एका आजोबांना न्यायला येतो, खाली नो-पार्किंगमध्ये बांधलेला रेडा टोइंगवाले उचलून नेतात आणि यम दंडाच्या रांगेत अडकतो. शेवटी आजोबाच ओळख काढून त्याला सोडवतात. म्हणजे रेडा हवाच. पुठ्ठ्याचा रेडा एकांकिकेत चालतो, कॅमेऱ्यापुढे नाही.

ओळखीतूनच हा 'लाइन प्रोड्यूसर', म्हणजे शूटिंगची सगळी जुळवाजुळव करून देणारा, मिळाला. नाव लिहीत नाही, वकिलांनी मनाई केलीय. यमाचा मुकुट, गदा त्यानं ड्रेपरीतून, म्हणजे नाटकाचे पोशाख भाड्यानं देणाऱ्या दुकानातून, खरोखर स्वस्तात आणून दिली. विश्वास असाच बसवतात, तुम्हाला माहीत आहेच. मग मागण्या: रेड्याचं आगाऊ भाडं १२,०००, पशुवैद्यकाचा दाखला ३,५००, टेम्पो ४,०००, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची 'अर्जंट परवानगी' १८,५००. सगळं यूपीआयनं, भलत्याच नावाच्या खात्यावर. खात्याचं नाव वेगळं दिसलं की तिथंच थांबा.

शूटिंगमध्ये प्राणी वापरायचा तर २००१ च्या नियमांप्रमाणे बोर्डाची परवानगी लागते. हौशी मंडळींत किती जण घेतात? मी घ्यायला गेलो आणि लुटला गेलो.

पत्र झटपट आलं. शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं जागच्या जागी. आणि पत्ता चेन्नईचा! बोर्डाचं मुख्यालय २०१८ मध्येच चेन्नईहून हरियाणात बल्लभगडला गेलंय. ते पत्र मी मोबाइलवर मोठं करून वाचलं होतं. रेड्याचं वय तपासलं, माझ्या आडनावाचं स्पेलिंगसुद्धा तपासलं. पत्ता सगळ्यात वर, ठळक अक्षरांत. पण सरकारी ऑफिसचा पत्ता कोण पडताळतं? तुम्ही पडताळता? जुनी लेटरहेडं सरकारी खाती वर्षानुवर्षं संपवत असतातच की.

शूटिंगच्या सकाळी यम मिशा चिकटवून तयार. रेडा नाही, माणूस नाही, फोन बंद.

पोलीस ठाण्यात साहेबांनी "यम? रेडा?" करत सगळ्या स्टाफला जमवून मला गोष्ट पुन्हा सांगायला लावली. हसून झाल्यावर म्हणाले, पैसे ऑनलाइन गेलेत, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, माणूस तुम्हाला प्रत्यक्ष भेटलाय, हद्दीतल्या ठाण्यात जा. परत तिथं, तर आता म्हणे हा दिवाणी मामला! खोटं सरकारी पत्र बनवणं दिवाणी? न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ छापून नेलं, तर "वकील आहात का?" शेवटी साधा तक्रार अर्ज घेतला. पोच मागितली, तर शिक्केवाला जेवायला गेलेला. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. मग काय रेड्यानं पाठवायचे?

पैसे गेल्याचं कळताच आधी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, ठाण्याच्या पायऱ्या नंतर चढा. प्राण्याच्या मालकाची बोर्डाकडची नोंदणी मागा, आणि गोठ्यात जाऊन जनावर बघितल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका.

मला पाठवलेल्या फोटोतला रेडा पाडव्याला सजवलेला आहे: डावं शिंग हिरवं, गळ्यात कवड्यांची माळ. हाच फोटो तुम्हाला आला, तर पाठवणाऱ्याचा नंबर मला लगेच कळवा.