एआय प्रणालीचा अभ्यास: बाहेरून ऑडिट करावं की करार करून आत शिरावं?

एआयच्या सामाजिक वापरावर संशोधन करायचं ठरवलं की विषय मिळतो, मार्गदर्शक मिळतात, वाचायला तर रोज नवं काहीतरी येतच असतं. घोडं अडतं ते पुढे. ज्या प्रणालीबद्दल लिहायचंय तिच्यापर्यंत पोचायचं कसं? अर्जांची छाननी करणारं, जोखमीचा आकडा देणारं, जाहिरात कुणाला दाखवायची ते ठरवणारं सॉफ्टवेअर कुणाच्या तरी ताब्यात असतं आणि ते आपल्यासाठी उघडून ठेवलेलं नसतं. मग सहसा दोन वाटा उरतात. बाहेर उभं राहून प्रणालीला ठरवून तयार केलेले इनपुट द्यायचे आणि ती काय करते ते नोंदवत राहायचं, म्हणजेच ऑडिट. नाहीतर ती वापरणाऱ्या संस्थेशी करार करून आतला डेटा मिळवायचा. तिसरीही एक वाट आहे, तिच्याबद्दल पुढे.

मी दोन्ही करून पाहिलंय. नोकऱ्या सुचवणाऱ्या एका संकेतस्थळाचं बाहेरून ऑडिट, आणि मदतीसाठी आलेल्या अर्जांना स्कोअर लावून त्यांचा क्रम ठरवणाऱ्या एका संस्थेचा आतून अभ्यास. ऑडिट कसं करतात, निष्पक्षता मोजायच्या व्याख्या किती आणि कोणत्या, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो.

आधी आतल्या बाजूचं, कारण तिचं वजन खरंच मोठं आहे. २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेला झियाद ओबरमायर आणि सहकाऱ्यांचा पेपर घ्या. अमेरिकेतल्या रुग्णालयांत कोणत्या रुग्णांकडे जादा लक्ष द्यायचं हे ठरवणारा एक अल्गोरिदम त्यांनी तपासला. एकाच स्कोअरचे काळे रुग्ण गोऱ्या रुग्णांपेक्षा जास्त आजारी निघाले. कारण असं की अल्गोरिदम आजारपणाच्या जागी उपचारांवरच्या खर्चाचा अंदाज बांधत होता, आणि काळ्या रुग्णांवर मुळात खर्चच कमी होत आलेला. ही तफावत दूर केली तर जादा मदत मिळणाऱ्यांतलं काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा त्यांचा हिशोब होता. आता हे बाहेरून सापडलं असतं का? स्कोअर, प्रत्यक्ष आजार, खर्च आणि मॉडेल नेमकं कशावर शिकवलंय याची माहिती, या चारही गोष्टी एकत्र हातात आल्याशिवाय 'का' या प्रश्नाचं उत्तर निघत नाही. तिथे बाहेरच्या माणसाने हात टेकलेलेच बरे.

बाहेरच्या ऑडिटची मर्यादाही अशाच एका कामातून दिसते. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये ॲडफिशर नावाच्या साधनाने गूगलच्या जाहिराती तपासल्या. दोन लाख डॉलरच्या वरच्या नोकऱ्यांसाठी मार्गदर्शन देणारी एक जाहिरात 'पुरुष' असलेल्या बनावट प्रोफाइलांना १,८५२ वेळा दिसली आणि 'स्त्री' असलेल्यांना ३१८ वेळा. फरक डोळ्यांत भरण्यासारखा. पण तो कुणी केला? जाहिरातदाराने तसं मागितलं होतं की गूगलच्या यंत्रणेने आपणहून ठरवलं? की दुसऱ्या जाहिरातदारांनी स्त्रियांसाठी जास्त बोली लावल्यामुळे ही मागे पडली? संशोधकांनी स्वतःच लिहून ठेवलंय की हे त्यांना सांगता येत नाही.

मला मात्र त्यानंतरचं काम जास्त आवडतं. २०१९ मध्ये नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या लोकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न फेसबुकबाबत उलटा धरला: जाहिरातदार आपणच व्हायचं. नोकऱ्यांच्या जाहिराती विकत घेतल्या, पैसे तेवढेच, निवडलेला प्रेक्षकवर्ग तोच. तरी सुपरमार्केटमधल्या कॅशियरच्या कामाची जाहिरात ज्यांच्यापर्यंत पोचली त्यांत ८५ टक्के स्त्रिया, आणि लाकूडतोडीच्या कामाची ज्यांना दिसली त्यांत ९० टक्के पुरुष. जाहिरातदाराने स्त्री-पुरुष अशी कसलीही निवड केली नव्हती, म्हणजे फरक जाहिरात पोचवणाऱ्या यंत्रणेतच तयार होत होता. आत पाऊल न टाकता 'का'चा अर्धा भाग त्यांनी सोडवला. बाहेरच्या कामात अशी युक्ती लढवावी लागते, आणि खरं सांगायचं तर या कामाची गंमतही त्यातच आहे.

माझ्या स्वतःच्या ऑडिटमध्ये एवढी चमक नव्हती. तिथे सगळ्यात जास्त वेळ गेला तो गोंगाट, म्हणजे काहीही कारण नसताना पडणारा फरक, मोजण्यात. शिक्षण, अनुभव, गाव, सगळं एकसारखं असलेल्या दोन प्रोफाइल तयार केल्या, एकाच वेळी चालवल्या, तरी सुचवलेल्या नोकऱ्यांची यादी वेगळी. म्हणजे स्त्री आणि पुरुष अशी जोडी लावण्याआधी, हुबेहूब सारख्या जोड्यांत किती फरक पडतो हेच मोजत बसावं लागलं. हे काम कंटाळवाणं आहे आणि पेपरमध्ये त्याला एक परिच्छेद मिळतो. पण तो परिच्छेद नसेल तर रिव्ह्यूअर पेपर परत पाठवतो, आणि बरोबरच करतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा कौल ठरला ती सांगतो. ती लहान आहे. एका रकान्याची आहे.

संस्थेशी झालेल्या करारात कोणकोणते रकाने मिळणार याचं परिशिष्ट होतं. अर्जाची तारीख, अर्जदाराची मोजकी माहिती, स्कोअर, अंतिम निर्णय. डेटा उघडल्यावर पाहिलं तर स्कोअर कमी असूनही मंजूर झालेले आणि जास्त असूनही नाकारलेले अर्ज बऱ्यापैकी होते. टेबलावरची माणसं यंत्राचं सगळंच ऐकत नव्हती तर. एकदा तिथल्या एका ताई काम करताना शेजारी बसायला मिळालं. स्कोअरच्या विरुद्ध निर्णय घेतला की स्क्रीनवर 'शेरा' असा एक चौकोन उघडायचा आणि त्यात कारण लिहिल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. ताई भराभर लिहीत होत्या: 'कागद नंतर आले, स्कोअर जुना.' 'पत्ता बदलला म्हणून कमी दाखवतोय.' माणूस यंत्राला कुठे आणि का डावलतो याचा एवढा नेमका पुरावा मी तरी दुसरीकडे पाहिलेला नव्हता. माझा खरा प्रश्न त्या चौकोनात होता.

आणि तो रकाना परिशिष्टात नव्हता.

मागणी केली. कायदा विभागाने कळवलं की मूळ करार 'स्कोअर अचूक आहे का' या उद्देशासाठी आहे. कर्मचारी स्कोअरशी कसे वागतात हा वेगळा उद्देश, त्याला पुरवणी करार लागेल. पुरवणी करारासाठी आमच्या एथिक्स कमिटीची मंजुरी हवी. कमिटी म्हणाली, आधी संस्थेचं संमतिपत्र आणा. संस्था म्हणाली, कमिटीच्या मंजुरीशिवाय संमतिपत्र देता येत नाही. हा गुंता सुटत आला तेव्हा कळलं की शेऱ्याचा चौकोन सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीने बसवलेला आहे, तेव्हा त्यांनाही विचारावं लागेल. त्यांनी नाही म्हटलं नाही. मधल्या काळात त्यांनी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवली आणि तीत शेरा गेला. त्याच्या जागी चार ठरलेल्या कारणांतून एक निवडायची यादी आली. चौथं कारण 'इतर'. अंदाज करा सगळे काय निवडत असतील.

या साखळीतल्या कुणालाही मी दोष देऊ शकत नाही. मोकळ्या मजकुरात अर्जदारांची नावं, आजार, घरगुती भानगडी, काहीही असू शकतं. जपूनच वागायला हवं. कमिटीचंही बरोबर, कायदा विभागाचंही बरोबर. पण प्रबंधात शेवटी 'कर्मचाऱ्यांच्या निर्णयप्रक्रियेचा अभ्यास प्रस्तुत संशोधनाच्या कक्षेबाहेर आहे' असं वाक्य लिहावं लागलं, ते आजही टोचतं. आत जाण्याची खरी किंमत मला तिथे कळली. डेटा पाहण्याच्या आधीच प्रश्न कायमचा ठरवून द्यावा लागतो. आणि या क्षेत्रात चांगला प्रश्न बहुतेक वेळा डेटा पाहिल्यावरच सुचतो.

बाहेरच्या ऑडिटमध्ये असाच प्रसंग आला होता. याद्यांच्या क्रमात म्हणावा तसा फरक दिसेना, पण संकेतस्थळाकडून येणाऱ्या ईमेलमध्ये दिसतोय अशी शंका आली. संध्याकाळी स्क्रिप्ट बदलली, दुसऱ्या दिवसापासून ईमेलही नोंदवायला लागलो. प्रोफाइल सगळ्या काल्पनिक, त्यामुळे कमिटीला बदल कळवला आणि काम पुढे गेलं. शंका पुढे निम्मीच खरी ठरली, ते वेगळं. पण कुणाची परवानगी न मागता ती तपासता आली.

आतला डेटा म्हणजे पक्का डेटा, हाही एक गोड समज आहे. फेसबुकने 'सोशल सायन्स वन' उपक्रमातून संशोधकांना दिलेल्या डेटामधून अमेरिकेतले जवळपास निम्मे वापरकर्ते गळलेले होते, हे २०२१ मध्ये उघड झालं. तोवर त्यावर काम सुरू होऊन चांगला काळ लोटला होता. चूक पकडली इटलीतल्या उर्बिनो विद्यापीठातल्या एका संशोधकाने. त्याने फेसबुकचाच जाहीर अहवाल या डेटाशी ताडून पाहिला आणि आकडे जुळेनात. फेसबुकची मालक कंपनी मेटा, तिच्याबरोबर झालेल्या अमेरिकेतल्या २०२० च्या निवडणुकीच्या अभ्यासांत तर काळजी खूप घेतली होती: बाहेरच्या संशोधकांनी कंपनीकडून मानधन घेतलं नाही, निष्कर्षांवर कंपनीला नकाराधिकार नव्हता. तरी त्या प्रकल्पावर स्वतंत्र निरीक्षक म्हणून नेमलेल्या मायकेल वॅग्नर यांनी २०२३ मध्ये 'सायन्स'मध्येच लिहिलं की हे परवानगीने मिळालेलं स्वातंत्र्य आहे. कच्चा डेटा हाताळणारे लोक कंपनीचेच होते.

बाहेर सगळं आलबेल आहे असं मात्र समजू नका. जाहिरातींचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांची खाती फेसबुकने ऑगस्ट २०२१ मध्ये बंद केली. ट्विटरचा मोफत एपीआय, म्हणजे प्रोग्रामने थेट डेटा घ्यायची सोय, २०२३ मध्ये गेला; मेटाचं क्राउडटँगल, म्हणजे सार्वजनिक पोस्टांचा माग ठेवायचं साधन, ऑगस्ट २०२४ मध्ये. वापराच्या अटी मोडल्या म्हणून तो फौजदारी गुन्हा होत नाही, असा निकाल भेदभावाचं ऑडिट करू पाहणाऱ्या संशोधकांच्या खटल्यात अमेरिकेतल्या एका फेडरल न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पण तो तिथल्या एका कायद्यापुरता. खातं बंद व्हायचं ते होतंच. युरोपियन युनियनच्या डिजिटल सर्व्हिसेस ॲक्टमधलं कलम ४० मोठ्या मंचांना संशोधकांसाठी डेटा खुला करायला लावतं, मात्र त्यासाठीही अर्ज आहे, छाननी आहे आणि संशोधनाचा हेतू आधी लिहून द्यायचा आहे. म्हणजे माझी रकान्याची तक्रार तिथेही थोडीफार लागू.

तिसरी वाट म्हणजे सरकारी यंत्रणा जे वापरते ते सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली मागणं. प्रोपब्लिका या अमेरिकेतल्या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये कॉम्पास या गुन्हेगारी-जोखमीच्या स्कोअरचं प्रकरण असंच काढलं. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतून सात हजारांवर लोकांचे स्कोअर मिळवले आणि दाखवलं की पुढे गुन्हा न केलेल्या काळ्या आरोपींपैकी ४४.९ टक्के लोकांना जास्त जोखमीचं ठरवलं गेलं होतं. गोऱ्यांत हेच प्रमाण २३.५ टक्के. स्कोअर बनवणाऱ्या कंपनीने वेगळा मापदंड पुढे करून हे फेटाळलं: जास्त जोखमीचं ठरवलेल्यांपैकी पुढे किती जणांनी गुन्हा केला, हे प्रमाण दोन्ही गटांत सारखंच आहे. पण प्रोपब्लिकाने डेटा सगळ्यांसाठी खुला ठेवला होता. म्हणून तो वाद कुणालाही पुन्हा तपासता आला आणि दोन गटांतलं गुन्ह्याचं मूळ प्रमाण वेगळं असेल तर हे दोन मापदंड एकाच वेळी साधता येत नाहीत, ही गणिती चर्चा त्यातूनच पुढे सरकली. करारातून मिळालेल्या डेटाचं असं सहसा होत नाही. तो प्रकल्प संपला की परत करावा किंवा पुसावा लागतो. माझाही पुसला.

तुम्ही कुठली वाट धरावी हे तुमच्या विषयावर आहे, माझा अनुभव दोन प्रकल्पांचा. आरोग्य, कल्याणकारी योजना, न्यायालयं अशा ठिकाणी जिथे इनपुट बाहेरून देताच येत नाही, तिथे आत जाण्यावाचून गत्यंतर नाही. खोटा रुग्ण बनून रुग्णालयात शिरू नये हे वेगळं सांगायला नको. जाहिराती, शोध, शिफारशी, चॅटबॉट, चेहरा ओळखणारी सेवा, असं जे कुणालाही वापरता येतं, तिथे मात्र मी तरी आता करारासाठी महिने घालवणार नाही. जॉय बुओलामविनी आणि टिमनिट गेब्रू यांच्या २०१८ च्या 'जेंडर शेड्स' या अभ्यासाला चेहऱ्यावरून स्त्री की पुरुष ते सांगणाऱ्या, विकत मिळणाऱ्या तीन सेवा आणि १,२७० चेहऱ्यांची छायाचित्रं पुरली होती. गडद वर्णाच्या स्त्रियांसाठी ३४.७ टक्क्यांपर्यंत चूक दाखवणारा तो आकडा काढायला कुठल्याही कंपनीच्या कायदा विभागाची सही लागली नाही.

आणि आत जायचंच असेल, तर सही करण्याआधी ती प्रणाली रोज प्रत्यक्ष वापरणाऱ्या माणसाच्या शेजारी एक दिवस बसायची परवानगी मागा. परिशिष्ट त्यानंतर लिहा. स्क्रीनवर जे चौकोन दिसतील ते सगळे, आज लागत नसले तरी, त्यात घाला; मोकळा मजकूर असेल तर नावं पुसून कोण देणार हेही लिहून घ्या. सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलण्याआधी जुना डेटा जपून ठेवण्याचं कलम मागा. ते बहुधा सुरुवातीला नाही म्हणतील. दुसऱ्या खेपेला बऱ्याचदा देतात.