पाच महिने आयबुप्रोफेन: गुडघा शांत, बाकीच्यांची बोंब
दुखणं थांबवणाऱ्या या गोळीला गुण आहे हे आधीच कबूल करते. 200 एमजीची एक घेतली की अर्ध्यापाऊण तासात गुडघ्याचा ठणका कमी, जिना चढताना कठडा धरावा लागत नव्हता, आणि तिथेच घोळ झाला, कारण दिवसाला दोनच्या चार आणि चारच्या सहा कधी झाल्या कळलंच नाही. सहा म्हणजे 1200 एमजी, डॉक्टरांना न विचारता घ्यायची दिवसाची कमाल मर्यादा, आणि तीसुद्धा थोड्या दिवसांपुरती, मी पाच महिने ओढले!

पहिला महिना काहीच नाही. मग छातीत जळजळ सुरू झाली, ती मी जागरणावर ढकलली. संध्याकाळी पाय सुजायचे, मोजे काढले की वळ दिसायचे, म्हटलं वजन वाढलंय. इतकी वर्षं ताब्यात असलेलं बीपी वर जायला लागलं तर टेन्शन असेल. प्रत्येक तक्रारीला वेगळं कारण तयार, संशय फक्त गोळीवर नाही, ती तर आपल्या बाजूची ना.

शेवटी डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या समोर ठेवायला लावल्या. दुखणं जाणवून देणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली रसायनं ही गोळी कमी करते, पण तीच रसायनं जठराचं अस्तर सांभाळतात आणि किडनीला रक्त नीट पोचवतात, त्यामुळे 'मी जेवूनच घेते हो' यात फार दम नव्हता, गोळी रक्तातूनही तेच काम करते. शी डांबरासारखी काळी होते का हेही विचारलं (तशी झाली तर आतून रक्त जात असू शकतं, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं). माझी नव्हती, नशीब. पण रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की वाढतं ते) वाढलेलं निघालं. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळी दोन्ही चालू आहेत, त्यात ही तिसरी म्हणजे किडनीवर तिहेरी भार, आणि आपण दुकानात गोळी मागताना हे कुठे सांगतो?

बंद केल्यावर आठवड्यात सूज गेली, जळजळीला महिना लागला, क्रिएटिनिन पुढच्या तपासणीत खाली आलं. घरात हृदयासाठी ॲस्पिरिन घेणारं कोणी असेल तर त्यांनीही ही गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आयबुप्रोफेन ॲस्पिरिनचं काम अडवू शकते.

आता वरून लावायचं जेल आणि मांडीचे व्यायाम. गुण येतो, पण गोळीइतका नाही, जिन्यावर कठडा परत धरते.